पोलीस व्यवस्था : सुधारणा, पुनर्रचना की विसर्जन? – वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : पोलीस सुधारणा, पोलीस पाटील, विमुक्त जमाती, तंटामुक्ती, तक्रार प्राधिकरण, उत्तरदायित्व.

प्रस्तावना

लोकशाही राज्यात शासन ज्या रूपांनी सामान्य नागरिकाला भेटते, त्यांपैकी पोलीस हे सर्वांत ठळक रूप होय. ग्रामीण भागात तलाठी, ग्रामसेवक आणि बीट जमादार हे तिघे म्हणजेच सरकार, अशी समजूत आजही आढळते. यांपैकी पहिल्या दोघांशी नागरिकाचा येणारा संबंध बहुधा कागदाचा असतो. तिसऱ्याशी येणारा संबंध मात्र त्याच्या देहाशी, अब्रूशी आणि स्वातंत्र्याशी निगडित असतो. म्हणूनच पोलीस व्यवस्था कशी असावी हा केवळ गृहखात्याच्या कारभाराचा प्रश्न नसून तो नागरिकत्वाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला आज तीन प्रकारची उत्तरे दिली जातात. आहे ती व्यवस्था कायम ठेवून तिचे दोष दूर करावेत, हे पहिले उत्तर म्हणजे सुधारणा. जुनी चौकट मोडून पोलिसांचे कार्य व रचना नव्याने आखावी, हे दुसरे उत्तर म्हणजे पुनर्रचना. पोलीस ही संस्थाच दडपणुकीचे साधन असल्याने तिचे विसर्जन करून सुरक्षिततेचे काम समाजाकडे सोपवावे, हे तिसरे उत्तर होय. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर तिसऱ्या उत्तराची चर्चा जगभर झाली. भारतीय विद्यापीठीय वर्तुळातही तिचे पडसाद उमटले. परंतु अमेरिकन शहराच्या अनुभवातून निर्माण झालेले उत्तर वऱ्हाडातील खेड्याला जसेच्या तसे लागू पडते काय, याची तपासणी होणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे

१. वऱ्हाडातील पोलीस व्यवस्थेची ऐतिहासिक जडणघडण समजून घेणे.
२. सुधारणा, पुनर्रचना व विसर्जन या तीन भूमिकांचे महाराष्ट्रातील अनुभवांच्या आधारे परीक्षण करणे.
३. वाशिमसारख्या ग्रामीण जिल्ह्याच्या दृष्टीने कोणता मार्ग हितावह ठरेल, याचा शोध घेणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय आणि सार्वजनिक नोंदीतील घटना यांचा आधार घेतला आहे.

वऱ्हाडातील पोलीस व्यवस्थेची जडणघडण

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्या वेळी गावातील बंदोबस्ताचे काम पाटील आणि त्याच्या हाताखालील जागल्या व महार यांच्याकडे होते. चोरीचा माग काढणे, परक्या माणसाची खबर देणे, रात्रीची गस्त घालणे ही कामे वंशपरंपरेने चालत. वरवर पाहता ही गावाची स्वतःची पोलीस व्यवस्था होती. पण तिच्यात अधिकार पाटीलकीकडे आणि राबणूक अस्पृश्य मानलेल्या जातींकडे अशी विभागणी होती. गावाची राखण करणाऱ्या माणसाला त्याच गावात पाणवठ्यावर जाण्याचा अधिकार नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागे याच वेठबिगारीतून सुटका हा हेतू होता.

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने १८६१ चा पोलीस कायदा केला. त्याचा आदर्श लंडनचे नागरी पोलीस हा नव्हता, तर आयर्लंडमधील निमलष्करी पोलीस दल हा होता. जनतेची सेवा करण्यापेक्षा जनतेवर नजर ठेवणे, हा या रचनेचा गाभा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची सोय केली आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली. संशयिताची हजेरी, रात्रीची झडती, गाव सोडण्यासाठी परवानगी या गोष्टी पोलिसी दिनक्रमाचा भाग बनल्या. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, परंतु १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने नजर ठेवण्याची ती वृत्ती नव्या नावाने टिकून राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५१ चा मुंबई पोलीस कायदा झाला आणि पुढे त्याचे नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम असे झाले. वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने नेमणुकीच्या पोलीस पाटलाचे पद निर्माण झाले. म्हणजेच आज वाशिम जिल्ह्यातील गावात दिसणारी व्यवस्था दोन वेगळ्या परंपरांच्या जोडणीतून तयार झाली आहे. ठाणे आयर्लंडच्या नमुन्यावरून आले, तर पोलीस पाटील गावगाड्यातून आला.

सुधारणेचा मार्ग

स्वतंत्र भारतात पोलीस सुधारणेचा विचार झाला नाही, असे म्हणता येणार नाही. किंबहुना अहवालांची विपुलता हेच या विषयाचे वैशिष्ट्य होय. १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला आणि १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल सादर केले. होणाऱ्या अटकांपैकी सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, हे या आयोगाचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्यानंतर रिबेरो समिती, पद्मनाभय्या समिती, सोराबजी समिती असे प्रयत्न झाले. यांतील बहुतेक शिफारशी दप्तरातच राहिल्या.

विदर्भाचा या इतिहासाशी विशेष संबंध आहे. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले, परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात बदल होऊन कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून मान्य झाला. सुधारणा ही शासनाच्या मर्जीने क्वचितच होते, ती नागरिकांच्या दबावातून होते, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

२२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोगाची स्थापना, पोलीस महासंचालकाची विहित निवड व किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, ठाणे व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनाही तेवढाच कार्यकाळ, तपास व बंदोबस्त यांचे विभाजन, आस्थापना मंडळ, राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण आणि केंद्रासाठी राष्ट्रीय सुरक्षा आयोग, असे त्यांचे स्वरूप होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून यांपैकी अनेक बाबी कायद्यात आणल्या. मात्र दोन ठिकाणी निर्देशांचा आशय पातळ झाला. पहिले म्हणजे, प्रशासकीय निकड व लोकहित या कारणांसाठी मुदतपूर्व बदलीचा अधिकार राखून ठेवण्यात आला. दुसरे म्हणजे, जिल्हा तक्रार प्राधिकरणाऐवजी विभागीय तक्रार प्राधिकरणाची तरतूद करण्यात आली. हा दुसरा बदल वाशिमच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे, याचा विचार पुढे केला आहे.

पुनर्रचनेचा मार्ग

पुनर्रचनेचे सर्वांत बोलके उदाहरण, योगायोगाने, आयर्लंडच्या भूमीवरील आहे. ज्या आयरिश पोलीस दलावरून १८६१ ची भारतीय रचना घडली, त्याचेच उत्तर आयर्लंडमधील वारस दल कॅथलिक समाजाच्या अविश्वासामुळे टिकू शकले नाही. १९९९ च्या पॅटन आयोगाच्या शिफारशीनुसार नोव्हेंबर २००१ मध्ये त्या दलाच्या जागी नवी पोलीस सेवा अस्तित्वात आली. नाव, चिन्ह, शपथ बदलली. पुढील दहा वर्षे भरतीत कॅथलिक व इतर यांचे प्रमाण निम्मे-निम्मे ठेवण्यात आले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा स्वतंत्र तपास करणारा लोकपाल त्याआधीच, २००० मध्ये, कार्यरत झाला होता. नमुना जेथून आला तेथेच तो मोडावा लागला. भारतात मात्र त्याची चौकट बव्हंशी कायम आहे.

महाराष्ट्रातील पुनर्रचनेचा मोठा प्रयत्न म्हणजे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून ती सुरू झाली. गावातील दिवाणी, महसुली व किरकोळ फौजदारी तंटे गावातच सामोपचाराने मिटवावेत, दारूबंदी व शांतता राखावी आणि त्यासाठी गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात पुरस्कार मिळावा, अशी ही योजना होती. बांधाच्या व वहिवाटीच्या वादांसाठी पिढ्यान्‌पिढ्या तालुक्याच्या ठिकाणी खेटे घालणाऱ्या कुटुंबांना यातून दिलासा मिळणे शक्य झाले. हे या मोहिमेचे यश मान्य केले पाहिजे.

परंतु तंटा मिटणे आणि न्याय मिळणे या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात. वादातील दोन्ही पक्ष समान बळाचे असतील, तर सामोपचार न्याय्य ठरतो. एक पक्ष भूमिहीन आणि दुसरा त्याला काम देणारा असेल, तर सामोपचार म्हणजे दुर्बलाने तक्रार मागे घेणे, असा अर्थ होऊ शकतो. पुरस्कार तंटे मिटल्याबद्दल असल्याने तक्रारदारावरच गावाची अडवणूक केल्याचा ठपका येण्याचा धोका उरतो. कौटुंबिक हिंसाचार व अत्याचाराच्या प्रकरणांत तर हा धोका अधिक गंभीर आहे.

पोलीस पाटलाचे पदही पुनर्रचनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नेमणूक महसुली अधिकाऱ्याकडून, काम पोलिसांसाठी आणि वास्तव्य गावात, अशी त्याची त्रिविध निष्ठा असते. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने या पदाचे मानधन दरमहा १५ हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला. मानधन वाढले, तरी पोलीस पाटलाने ठाण्याचा खबऱ्या व्हावे की नागरिकाचा ठाण्यापर्यंतचा हात व्हावे, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच आहे.

विसर्जनाचा विचार : तथ्य व मर्यादा

विसर्जनवादी भूमिका हास्यास्पद म्हणून बाजूला सारणे शास्त्रीय दृष्टीने योग्य ठरणार नाही. ज्यांना पोलीस केवळ धाड, झडती आणि कोठडी या रूपातच भेटले, त्यांच्या अनुभवातून ती जन्माला आली आहे. वाशिम जिल्हा पोहरादेवीमुळे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे आणि महाराष्ट्रात या समाजाचा समावेश विमुक्त जातींच्या यादीत आहे. वऱ्हाडातील पारधी बेड्यांवर तर चोरीची खबर आली की पहिली धाड पडते, ही तक्रार जुनी आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने असे जगणे मराठी साहित्यात आणले आणि १९८८ मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कारागृहांतील जातीय भेदभावासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, असा निर्देश पोलिसांना द्यावा लागला. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे लोटल्यावरही असा निर्देश द्यावा लागणे, यातच या भूमिकेमागील तथ्य सामावलेले आहे.

शेजारच्या मराठवाड्यातील अनुभवही ताजा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी येथे संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन उसळले. त्यात अटक झालेल्या विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. या प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. पोलिसांविरुद्धचा गुन्हा पोलिसांनीच नोंदवावा, ही अपेक्षा किती दुबळी आहे, हे यातून दिसते.

तथापि, पोलीस नसले तर त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर ‘समाज’ असे दिले जाते. वऱ्हाडी खेड्याच्या संदर्भात मात्र कोणता समाज, असे विचारणे भाग आहे. प्रकाश सिंह खटल्याच्या निकालानंतर अवघ्या सात दिवसांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची गावातील जमावाने हत्या केली. तेथे पोलीस वेळेवर पोहोचले नाहीत व नंतरच्या तपासातही हयगय झाली. म्हणून पोलिसांवर टीका झाली, ती रास्तच होती. पण त्या कुटुंबाला गावापासूनच संरक्षण हवे होते. सुरक्षिततेचे अधिकार गावाकडे सोपविले असते, तर ते त्याच जमावाच्या हाती गेले असते. खैरलांजीत पोलिसांचा अपराध त्यांच्या अस्तित्वाचा नव्हता, अनुपस्थितीचा होता.

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचे उदाहरणही उद्‌बोधक आहे. दिगंबर व श्वेतांबर पंथांतील वादामुळे हे मंदिर १९८१ पासून सुमारे चार दशके बंद होते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडले. अशा प्रसंगी दोन्ही बाजूंना मान्य होईल असा तिसरा, तटस्थ हात लागतोच.

अमेरिकेतील अनुभवही याच दिशेने जातो. मिनियापोलिसच्या नगर परिषदेतील बहुसंख्य सदस्यांनी जून २०२० मध्ये पोलीस विभाग विसर्जित करण्याचा संकल्प सोडला होता; नोव्हेंबर २०२१ मधील मतदानात मात्र पर्यायी विभागाचा प्रस्ताव नागरिकांनी फेटाळला. वऱ्हाडाला तर या प्रयोगासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. ठाण्यापूर्वीचे गाव कसे होते, हे येथील इतिहासातच नोंदलेले आहे.

पोलीस शिपाई : दुर्लक्षित घटक

व्यवस्थेचा विचार करताना तिच्यातील माणसाचाही विचार केला पाहिजे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलीस शिपायांचे आंदोलन झाले, ते मोडून काढण्यात आले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. सण, यात्रा, निवडणुका व मंत्र्यांचे दौरे यांत अडकलेल्या शिपायाला तपासासाठी सवड उरत नाही. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका पोलीस शिपायाने मांडलेल्या योजनेवरून आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या पाठिंब्याने. ज्याला स्वतःच्या वरिष्ठापुढे दाद मागता येत नाही, त्याने नागरिकाची दाद ऐकावी, ही अपेक्षा विसंगत ठरते. त्यामुळे नागरिकाच्या तक्रारीचा आणि शिपायाच्या गाऱ्हाण्याचा विचार एकत्रितपणे व्हावयास हवा.

वाशिमचा प्रश्न : दाद मागण्याचे अंतर

२०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून सुमारे ८२ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. अनसिंग, आसेगाव, धनज, जऊळका यांसारख्या ठाण्यांच्या हद्दीतील एखाद्या नागरिकाची तक्रार ठाणेदाराने नोंदवून घेतली नाही, तर त्याने काय करावे? दखलपात्र गुन्ह्याची नोंद करणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठविता येते आणि तेथेही दखल न घेतल्यास दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदविण्याची व इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर देण्याची तरतूदही तीत आहे.

हे मार्ग कागदावर पुरेसे वाटतात. पण अधीक्षक हे त्याच खात्याचे प्रमुख असतात आणि दंडाधिकाऱ्याकडे जाण्यासाठी वकील लागतो. राहिला मार्ग स्वतंत्र प्राधिकरणाचा. सर्वोच्च न्यायालयाने ते जिल्ह्यात असावे असे म्हटले होते, राज्याच्या कायद्याने ते विभागावर नेले. अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम असे पाच जिल्हे येतात. वाशिम शहरापासून अमरावती शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, रिसोड तालुक्यातून तर त्याहूनही लांब. सोंगणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून, प्रत्येक तारखेला जाणे शेतमजुराला, विशेषतः स्त्री तक्रारदाराला, परवडणारे नाही. ज्या अधिकारापर्यंत पोहोचता येत नाही, तो अधिकार व्यवहारात नसल्यासारखाच असतो.

या संदर्भात जिल्ह्याचा इतिहास मार्गदर्शक ठरतो. ब्रिटिश काळात वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. जिल्ह्यांच्या विभाजनामागे प्रशासन लोकांच्या जवळ जावे, हे सूत्र असते. त्याच सूत्राने जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची कार्यालये वाशिमला आली. पोलिसांची सत्ता जिल्ह्यात आली, पण त्या सत्तेविरुद्ध दाद मागण्याची जागा मात्र विभागातच राहिली.

निष्कर्ष

१. सुधारणा, पुनर्रचना व विसर्जन हे परस्परविरोधी पर्याय नसून ते पोलिसी सत्तेच्या वेगवेगळ्या अंगांना लागू पडणारे उपाय आहेत.
२. विसर्जन व्हावयाचे असेल, तर ते पोलिसांचे नव्हे, जन्मावरून संशय घेण्याच्या अधिकाराचे व्हावयास हवे. १९५२ मध्ये कायदा गेला, ती वृत्ती जाणे शिल्लक आहे.
३. पुनर्रचनेची खरी जागा गाव ही आहे. मात्र ज्या गावात जातीची उतरंड टिकून आहे, तेथे गावाकडे दिलेला अधिकार बाहेरच्या दादीशिवाय धोकादायक ठरतो.
४. सुधारणेचे माप कायद्यातील कलमांच्या संख्येवरून नव्हे, तर ठाण्याने परत पाठविलेला माणूस त्यानंतर कोठे पोहोचू शकतो, यावरून घेतले पाहिजे. या मापाने पाहता वाशिमची उणीव जिल्हा तक्रार प्राधिकरणाची आहे.

शिफारशी

१. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्देशानुसार प्रत्येक जिल्ह्यात तक्रार प्राधिकरण स्थापन करावे. तोपर्यंत विभागीय प्राधिकरणाने ठरावीक दिवशी वाशिम व कारंजा येथे फिरती सुनावणी घ्यावी.
२. तंटामुक्तीच्या प्रक्रियेतून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील व स्त्रियांवरील हिंसाचाराची प्रकरणे स्पष्टपणे वगळावीत.
३. पोलीस पाटलाच्या कर्तव्यांत, ठाण्याने न घेतलेली तक्रार लेखी स्वरूपात अधीक्षकांकडे पाठविण्यास साहाय्य करणे, हे कर्तव्य समाविष्ट करावे.
४. सराईत गुन्हेगारांच्या नोंदवह्यांचे न्यायिक अधिकाऱ्याकडून नियतकालिक परीक्षण व्हावे.
५. ग्रामीण ठाण्यांतही आठ तासांच्या पाळीचा टप्प्याटप्प्याने अवलंब व्हावा.
६. महाविद्यालयांतील राज्यशास्त्र, समाजशास्त्र व विधी विभागांनी आपल्या परिसरातील नागरिकांना तक्रार लेखनाचे मार्गदर्शन करणारी केंद्रे चालवावीत. देसाईगंज प्रकरणात चार अध्यापकांच्या एका पत्राने देशाच्या कायद्याला वळण दिले, हे अध्यापक वर्गाने विसरता कामा नये.

‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे महाराष्ट्र पोलीस दलाचे ब्रीद आहे. सज्जन कोण आणि खल कोण, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्यालाही जाब विचारणारी जागा नागरिकाला बसने जाऊन सायंकाळी घरी परतता येईल इतक्या अंतरावर असली पाहिजे. तेव्हाच या ब्रीदाला ग्रामीण जिल्ह्यात अर्थ प्राप्त होईल.